कणकेची खळ

मुंबई, मार्च १९९८

ती. आयेस,
माधुरी पाया पडते. मी बरी हाय. गाय व्याली काय गो?

माझ्या कामाच्या घरच्या सिपोरामावशी यहुदी हायत. वल्हांडणाच्या सणात त्यांना गव्हाचा कणसुद्धा चालत नाय, म्हणून ताटं वेगळी लागतात. शिमग्याला आणलेल्या तुझ्या पत्रावळी मी पुढे केल्या. "पानं आणि टाक्याला बांबूच्या चोया, दुसरं कायबी नाय," छाती ठोकून सांगितलं.

मावशींनी एक पत्रावळ उलटून बघितली. टाक्यांच्या जागी कणकेची खळ!

आये, खळ लावणारीला तूच गबाळी म्हणायचीस. टाका दिसेनासा झालाय काय गो? शिमग्याला बोललीसुद्धा नायस.

मावशी रागावल्या नायत. म्हणाल्या, "प्लास्टिकच्या डिशा आणू. आईला डोळे दाखवायला बोलव."

पत्रावळी नको आणूस. तू ये.

तुझीच,
माधुरी