पाहुण्याला पाणी नको

ती. वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल. नसेल तर जिना दिवसातून एकदाच चढा, आणि चढण्याआधी वरची सगळी कामं आठवून घ्या (मी तसंच करते, पायही वाचतात आणि वरचा दिवाही). पत्राचं खरं कारण शेवटी येईल. आधी बियांचं ऐका, कारण तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत आणि मी तिन्हीदा "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. देवापुढे कबूल केलंच आहे, आता तुमच्यापुढे करते.

तुम्ही औषधाच्या बाटलीत कापसात गुंडाळून त्या वाळवंटी झुडपाच्या सहा बिया पाठवल्यात. आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून कमी पाण्यावर जगणारं काहीतरी, हा तुमचा विचार मला फार पटला. झुडपाचं नाव काही जिभेवर बसेना, म्हणून घरात सगळे त्याला पाहुणा म्हणतात. सोबतचा कागद मी दोनदा वाचला (मॅट्रिकला मला शास्त्रात चांगले गुण होते, हे तुमचे बंधुराज विसरले तरी मी विसरलेले नाही). बीचं कवच कठीण, ते सँडपेपरवर हलकं घासायचं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं, मग तीन भाग वाळू आणि एक भाग मातीत पेरायचं. आणि माती पुरती वाळल्याशिवाय पुन्हा थेंबभरही पाणी द्यायचं नाही. मी घासायला बसले तर हे म्हणाले, "बी पेरते आहेस की त्याचे दात घासते आहेस?" मी घासतच राहिले. पिठाच्या जुन्या चाळणीने वाळू चाळली, तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली आणि चार बिया पेरून डबे गॅलरीत ठेवले.

पाणी दिल्याची तारीख मी वहीत लिहीत होते. वही म्हणे नऊ दिवस थेंब नाही, आणि डबे म्हणत आत्ताच आंघोळ झाली. बोट घालून पाहिलं तर चिखल. चारही बिया कुजल्या. मग घरात चौकशी बसवली. लेक शाळेतून आली की बाटलीतलं उरलेलं पाणी त्यात ओतत होती, हे दाढीचा मग त्यातच रिकामा करत होते, आणि भाजी धुतलेलं पाणी तर सवयीने मीच घालत होते! वर हेच मला विचारतात, "उरलेलं पाणी मोरीत गेलं तर खबरदार, हे अठरा वर्षं कोण ओरडतंय?" पेरलं ते उगवतं म्हणतात, आमच्याकडे बी राहिलं आणि शिकवण उगवली.

मग देवाचं नाव घेऊन उरलेल्या दोन बिया एका डब्यात पेरल्या आणि वर पाटी लावली, पाणी घालू नये (जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर). एक बी आलीच नाही. दुसरीला बाराव्या दिवशी हिरवा कोंब दिसला, मी हात जोडले. तेराव्या दिवशी माती पुन्हा ओली.

त्या दुपारी मी दाराआड उभी राहिले. तर तुमचे वडील, आमचे मामंजी, दोन्ही हातांनी तांब्या धरून स्वयंपाकघरातून गॅलरीकडे निघालेले. वाटेत एक थेंब सांडला नाही. वन्सं, आई गेल्यापासून दीड वर्षात कोणी सांगितल्याशिवाय ते खुर्चीतून उठलेले मी पाहिले नव्हते. मी म्हटलं, "मामंजी, याला पाणी नको असतं." ते म्हणाले, "नको कोणाला असतं गं? तूही चहाला नको म्हणतेस, आणि कप पुढे केला की पितेस." यावर मॅट्रिकचं शास्त्र काय बोलणार! पण त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तांब्या जागचा हलला नाही, आणि मामंजीही हलले नाहीत. जेवणसुद्धा अर्धंच.

एकीकडे तुमची शेवटची बी, दुसरीकडे तुमचे वडील. तिसऱ्या दिवशी मी कोंबाचा डबा जिन्याच्या टोकाच्या खिडकीत नेऊन ठेवला (तिथवर मामंजी चढत नाहीत), आणि त्याच्या जागी तसाच दुसरा डबा नुसती माती भरून ठेवला (कोंब नखाएवढा, त्यांच्या नजरेत आला नसणार). म्हटलं, "मामंजी, घाला हो पाणी." तेव्हापासून रोज दुपारी तांब्या निघतो. "आज काही दिसतंय का?" असं ते विचारतात, आणि खोटं बोलायचं नाही म्हणून मी "देवाच्या मनात असेल तेव्हा" म्हणते. (त्यात खोटं काही नाही. देवाने बीशिवाय उगवून दाखवायचं ठरवलं तर त्याला अडवणारी मी कोण?) पाहुणा वर खिडकीत मजेत आहे, सहा पानं झाली. तेव्हा तुमच्या बिया अगदीच वाया गेल्या नाहीत, माझीही अब्रू राहिली.

भाऊजींना नमस्कार, मुलांच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवा.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. खरं कारण हे. रोज तांब्याभर पाणी दिलं तरी कुजणार नाही, आणि वाढलेलं डोळ्यांना दिसेल, असं एखादं तहानलेलं बी पाठवा. पुडीवर माझं नाव घाला. मामंजींना यातलं काही कळता कामा नये.

आणखी ता. क. चिकटवलेलं पाकीट वाफेवर धरून उघडलं (नवं कशाला घ्या). मामंजी आत्ता येऊन म्हणाले, "सूनबाई, लेकीला लिहितेच आहेस तर एखादं बी मागव. तुझ्या त्या डब्यात काही नाही गं. एवढ्या हौसेने ठेवलास, तुझं मन मोडू नये म्हणून महिनाभर पाणी घालतोय." तेव्हा पुडीवर त्यांचंच नाव घाला. पाकीट टपालात टाकायला ते स्वतः निघालेत, आणि दीड वर्षात न लागलेल्या चपला कुठे ठेवल्यास म्हणून मला हाका मारतायत. उठते.