पहिलं ड्रेसिंग

लाडके छकुले,

स्तनाच्या कॅन्सरमध्ये बायकांना सोबत कशी करायची, हे मी मुलींना शिकवते. ड्रेसिंग उघडताना नजर वळवायची नाही, हे तर रोज बजावते. तुझ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या ड्रेसिंगला मात्र वर्गाचं निमित्त काढून मी माझी विद्यार्थिनी पाठवली. तू माझी बहीण, हे तिला सांगितलंही नाही.

आज ती वर्गात कौतुकाने म्हणाली, "मॅडम, बाई भारी आहेत हं! म्हणाल्या, तू आलीस ते बरं झालं. माझी ताई असती तर आधी तिलाच पाणी पाजावं लागलं असतं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले गं.

उद्या पुन्हा ड्रेसिंग आहे. वर्ग रद्द करायला एक फोन पुरे. तो न करता मी हे लिहीत बसले आहे.

तुझी भित्री
ताई