बाबा, तुम्ही परस्पर दिलेला देश

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही उतरत नाही. इथे मस्कतला, बौशरमधल्या क्लिनिकच्या लॅबमध्ये मी अर्धं आयुष्य काढलं. गेल्या महिन्यात अर्बाबनं, म्हणजे क्लिनिकच्या मालकानं, बोलावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "खलास, आता व्हिसा रिन्यू होणार नाही. इंडियात घर आहे ना? इन्शाल्ला, सगळं चांगलं होईल." घर! माझा जन्म हाँगकाँगचा आणि भारत मी पाहिला तो सुट्टीपुरता, तुमच्या गुहागरला.

हाँगकाँगचं आपलं स्वयंपाकघर इतकं अरुंद की आईला वळायचं तर मी बाहेर जायचं. आई मासे साफ करते आहे आणि खालच्या मजल्यावरच्या सिंधी काकू धापा टाकत वर येतात. "भाभी, आपके साहब ने तो कमाल कर दिया!" हाँगकाँगचा ताबा चीनकडे जाणार होता. त्याआधी, ज्यांना दुसरा कुठलाच देश नव्हता अशा तिथल्या भारतीयांना ब्रिटिश नागरिकत्व मिळावं म्हणून तुमचं शिष्टमंडळ लंडनहून आलेल्या अधिकाऱ्याला भेटलं होतं. त्यानं कुत्सितपणे विचारलं, "भारत असताना तुम्हाला आमचा देश कशाला?" तुम्ही उभे राहिलात. "मला भारत आहे. उद्याच मी माझ्या मुलीसाठी भारताचा पासपोर्ट मागतो. आज मी मागतोय ते या माणसांसाठी, ज्यांना कुठेच जागा नाही." त्यानं ते लिहून घेतलं म्हणे.

तुम्ही बोलल्याप्रमाणे केलंतही. तो पासपोर्ट हातात आला आणि ब्रिटिश नागरिकत्वाची माझी वाट कायमची बंद झाली, कारण ते दुसरा देश नसलेल्यांनाच मिळणार होतं. त्या संध्याकाळी आईनं एवढंच म्हटलं, "आम्हाला एकदा विचारायचं तरी." तुम्ही बूट काढत म्हणालात, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." हीच का तुमची मुत्सद्देगिरी? पुढे खालच्या मजल्याला नागरिकत्व मिळालं, मिठाई वर आली, तुम्ही ती मागून घेऊन खाल्लीत. आईनं बोटसुद्धा लावलं नाही. स्वतःचं काही सोडून दिलं असतंत तर मी तुम्हाला मोठं म्हटलं असतं. तुम्ही माझं सोडलंत.

काल त्या काकूंची मुलगी आली होती, लंडनहून मस्कत फिरायला. माझ्याच टेबलाशी बसून तिनं ती बैठक माझ्या लेकीला रंगवून सांगितली. "त्यांच्यामुळे आम्ही माणसांत आलो," म्हणाली. लेक मोडक्या मराठीत विचारते, "मम्मा, आजोबांनी एवढी मोठी गोष्ट केला?" मी म्हटलं, "केली. आपल्याला न विचारता." पाहुणीचा चेहरा पडला. पडू दे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून कबूल करते. ती गेल्यावर लेकीनं सगळं पुन्हा विचारलं आणि मी सांगितलं. त्या अधिकाऱ्याला तुम्ही काय सुनावलंत ते सांगताना माझा आवाज चढला, आणि तो रागानं चढला नव्हता.

माफ मात्र मी तुम्हाला केलेलं नाही.