धाकट्याच्या अभ्यासाने आमची विहीर हिरवी झाली

मावशीला नमस्कार. दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. बाळ रडतं म्हणून नाही (रडतंच ते, बापावर गेलंय), तर आमची विहीर हिरवी झाली म्हणून. शेवाळाने नाही गं, पोपटासारखी हिरवी. तुझे गुडघे कसे आहेत?

माझा धाकटा भाऊ युनिव्हर्सिटीत जमिनीखालचं पाणी शिकतो ना, त्यावर सासरे आल्यागेल्याला हसवतात. पाणी शिकायला कॉलेज कशाला, विहिरीत वाकलं की दिसतं! पण बाळाचं पोट सारखं बिघडायला लागलं तशी धाकट्याने मला रंगाची पुडी दिली. म्हणाला, ताई, संडासाच्या खड्ड्यात चमचाभर टाक आणि रोज विहीर बघ. रंग दिसला तर खड्ड्यातलं पाणी जमिनीखालून विहिरीत येतंय समज. मी अख्खी पुडी ओतली. (कडेवर बाळ, दातात पुडी, चमच्याला तिसरा हात कुठला?)

पाचव्या दिवशी विहीर हिरवी! वाकून बघताना माझा फोन आत पडला, धाकट्याचा नंबरही त्याच्याबरोबर बुडाला. घर गोळा झालं. खड्डा सासऱ्यांनी स्वतः खणलेला, त्याला नावं ठेवलेली खपत नाहीत. म्हणाले, वीस वर्षं पितोय, मेलो का? हिनेच विहिरीत विष कालवलंय. मग माझंही डोकं फिरलं. विष काय, बघा, म्हणत मी सगळ्यांसमोर पेलाभर हिरवं पाणी घटाघटा प्यायले. (जाऊबाई म्हणते, तुझं खरं असेल तर तू संडासाचं पाणी प्यालीस. मरू दे.) रहाटाची दोरी सोडून मी कपाटात कुलपात घातलीय. खड्डा हलवेपर्यंत देणार नाही. सगळे लांबच्या नळावरून पाणी आणतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. तेवढीच शांतता.

तुझी
भाची

ता. क. मी अजिबात घाबरलेली नाही, असं आईला सांग.

आणखी एक. घाबरलेय. बाळ अंगावर पितं, हे पेला रिकामा झाल्यावर आठवलं. दोन दिवस पाजलं नाही. छाती दगड झालीय, वरचं दूध ते थुंकतं.

मावशीला वाचता येत नाही, तेव्हा हे जे कोणी वाचून दाखवत असेल त्यांनी इथेच थांबा. हे पत्र आणणाऱ्या टेम्पोवाल्याला उत्तर दिल्याशिवाय परत पाठवू नका. मावशीच्या दारामागे खडूने धाकट्याचा नंबर लिहिलाय. त्याला विचारा, तो रंग दुधात उतरतो का, पाजू की नको. परीक्षेला बसला असला तरी उठवा. माझ्या भावाला आत्ता फोन लावा.