चिमणीतलं शून्य

तीर्थरूप गुनहिल्ड आत्यास, सिक्स्टनचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? बर्फ वितळलाय, आता कचेरीत चालत जाता येत असेल. मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहायला हात धजत नाही.

मंगळवारी कारखान्याच्या गॅस टर्बाइनचा धूर मोजायला चिमणीवर चढलो. (धूर म्हणायचा एवढंच, दिसला असता तर मला कोणी कशाला बोलावलं असतं?) खाली धुक्यात तळं, पायाखाली टर्बाइनची गुणगुण, जागेपणी स्वप्न पडावं अशी सकाळ. मोजणीआधी यंत्राचं शून्य तपासायचं असतं, म्हणून चिमणीकडची नळी बंद केली आणि टाकीतला शुद्ध नायट्रोजन यंत्रात सोडला. तेवढ्यात क्रौंच आले. शेकडो, दक्षिणेकडून, इतके संथ की ते थांबलेत आणि चिमणीच मला घेऊन निघालीय असं वाटलं. मग साडेनऊ झाले आणि कॉफीची वेळ झाली. (आपल्याकडे आग लागली तरी आधी कप रिकामा करतात, तुला काय सांगायचं.) खाली उतरलो, दालचिनीचा पाव खाल्ला, क्रौंचांबद्दल बोललो, दुसरा कप घेतला. वर चिमणीची नळी बंदच, आणि यंत्र तासभर इमानेइतबारे टाकीच मोजत होतं.

एवढ्यात मॅनेजर रुटगर यंत्राच्या आकड्यांचा कागद नाचवत आला. टर्बाइनला विषारी वायू कमी करणारे नवे बर्नर बसवायचा हट्ट त्याचा. ते फसले तर खुर्चीही त्याचीच जाणार. "शून्य, सिक्स्टन! लेका, विषारी वायूचा कण नाही! आता म्हणा मला वेडा!" (ऑक्सिजनही शून्य होता, आणि खऱ्या धुरात तो असतोच. पण आनंदाच्या भरात तो रकाना कोण वाचतो?) मी कप खाली ठेवला. मी तोंड उघडलं तर त्यानं मिठी मारली. बारा वर्षांत तो माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नव्हता, आणि आता त्याचे डोळे भरले होते. समारंभाला आणतात तो हिरवा केक आला, माझ्या पुढ्यात अहवाल आला, आणि मी सही केली. फार लाज वाटते, आत्या.

तुझा,
सिक्स्टन

ता. क. तो अहवाल गुरुवारी पर्यावरण कचेरीत तुझ्याच टेबलावर येईल. ऑक्सिजनच्या रकान्यावर तांबडी रेघ मार आणि 'पुन्हा मोजा' म्हणून खडसावून परत पाठव. बर्नर चांगले आहेत, खरा आकडाही पास होईल असं वाटतं. पण रुटगरला हे सांगायची माझी छाती होत नाही.

आणखी एक ता. क. भाच्याच्या सांगण्यावरून असं करणं नियमात बसत नसेल, तर हे पत्रच अहवालाला जोड. तेवढ्यासाठी खाली पूर्ण सही करतो.

सिक्स्टन आल्गोत ब्रोलिन
परवानाधारक मोजणीदार (गुरुवारपर्यंत तरी)