गंधालीसाठी कंट्रोलर

१२ जानेवारी, सोमवार
आज दुपारी पावणेचारला जिन्यात माझं आयुष्य बदललं. वरच्या मजल्यावरच्या रामकृष्णकाकांची गंधाली थांबली आणि तिने स्वतःहून विचारलं, लिनक्सवर नीट चालेल असा गेम कंट्रोलर कोणता? तुले तर सगळंच येते म्हणाली. सगळंच! कॉलेजात तीन वर्षं एकाही सरला हे दिसलं नाही. म्हणून तर मधेच सोडलं. गंधालीकडे लॅपटॉपच नाही. म्हणजे ती खेळणार कुठे? माझ्याकडे, माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर. उघड आहे.
रथसप्तमीच्या आत हवा म्हणाली. म्हटलं, दोन दिवस पुरे.
संकल्प: तोवर डोकं गरम करायचं नाही.

१३ जानेवारी
पंडरी बाजारातल्या माझ्या मित्राच्या, रणजितच्या दुकानातून कंट्रोलर आणला. मी विचारलं लिनक्समध्ये चालतो का, तर म्हणे भैया, सबमें चलता है. सबमें मतलब सबमें.
घरी लावला. लॅपटॉपला वाटतं हा माउस आहे. कंट्रोलरची काडी हलवली की स्क्रीनवर बाण फिरतो, गेममधली गाडी जागची हलत नाही. बाबा दारातून म्हणाले, अर्जुन, काहून आदळून राहिला रे तो रिमोट? रिमोट नाही म्हटलं.
डोकं गरम केलं नाही. फक्त खोकं फाडून कचरागाडीत टाकलं.

१४ जानेवारी, संक्रांत
नेटवर कळलं. मधलं बटण दुसऱ्या एका बटणासोबत दाबून धरलं की मोड बदलतो, मग चालतो. दुसरं बटण कुठलं ते खोक्यातल्या कागदावर असतं.
आईने तिळगूळ दिला, गोड बोल म्हणाली. दिवसभर बोललोच नाही.

१६ जानेवारी
दुसरा. ब्लूटूथवाला. जोडला जातो, दोन मिनिटांनी सुटतो. जोडतो. सुटतो. त्याचं अपडेट आहे, पण ते विंडोजमधूनच टाकता येतं. रणजित फोनवर म्हणाला, तो विंडोज डाल लो भैया. त्याला म्हटलं, तुले मित्र म्हणायची लाज वाटते. फोन आपटला. कॉलेज सोडलं त्याच दिवशी मी विंडोज पुसलं. माणसाला तत्त्वं असतात.

रात्री
बाबांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज आहे. तत्त्व तासभर बाजूला ठेवून पासवर्ड मागितला. म्हणाले, आधी कॉलेजचा फॉर्म भर. पासवर्ड नको म्हटलं.

१८ जानेवारी, रविवार
मोठा दिवस! रामकृष्णकाका स्वतः खाली आले, चार खुर्च्या मागितल्या. दोन-दोन करून मीच वर नेल्या. काका म्हणाले, तू तर घरचाच पोट्टा आहेस. घरचाच. लिहून ठेवतो.
गंधाली साडीत होती. खुर्च्या घेऊन मी येणार हे तिला कोणी सांगितलं असेल? नागपूरचे पाहुणेही यायचे होते म्हणे. मी बसणारच होतो, पण काकू म्हणाल्या, बाळा, आता तू जा. लाजल्या असतील.
संध्याकाळी खुर्च्यांसोबत पोह्यांची प्लेट खाली आली. आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. काहीतरी सांगायचं होतं तिला. म्हटलं आत्ता नाही, ब्लूटूथ जोडून राहिलो.

२१ जानेवारी
रणजितशी बोलणं बंद, म्हणून लॅपटॉप पाठीवर घेऊन बाजारभर फिरलो. सहाव्या दुकानात सापडला. छोटी पिन यूएसबीत खोचायची, बस. सगळी बटणं बरोबर, दोन्ही काड्या बरोबर. गाडी भिंतीला धडकली की हातात थरथरतो. पहिल्यांदा थरथरला तेव्हा माझे डोळे भरून आले. दुकानदार म्हणाला, क्या हुआ भैया, खराब है क्या?
ठरलं. ती कंट्रोलरवर, मी कीबोर्डवर. मी मुद्दाम हरायचं, पण दर वेळी नाही.

२४ जानेवारी
दिला. इतकी खूश झाली! तू नसता तर माझं काही खरं नव्हतं म्हणाली. मग विचारलं, त्यांच्या लॅपटॉपवरही असाच चालेल ना?
कोणाच्या?
स्वानंदच्या. बंगलोरला असतात, लिनक्सशिवाय काही वापरत नाहीत. फोनवर आधीच जमलं होतं, मागच्या रविवारी रीतसर पसंती झाली. उद्या साखरपुडा. तू खुर्च्या आणल्या होत्या ना, तेच ते पाहुणे.
आईला विचारलं, मले काहून नाही सांगितलं? म्हणाली, तू ब्लूटूथ जोडून राहिला होता.
संकल्प: वरच्या मजल्यावर यापुढे पाऊल नाही. गेम बंद. प्रेम बंद. रणजितशी बोलणं तर बंद आहेच.

२५ जानेवारी, रथसप्तमी. सकाळी ११
वर सनई लावली आहे. मोबाइलवर. मधे मधे जाहिरात येते. बरं झालं.

दुपारी २
जेवायला बोलावणं. डोकं दुखतं म्हणून कळवलं. आईबाबा गेले.

४.१०
गंधाली दाराशी आली होती. मी कडी काढली नाही. बाहेरूनच म्हणाली, कंट्रोलर फार आवडला रे त्यांना, पण बटणं उलटी लागून राहिली. ए दाबलं की बी होते. अर्ध्या तासापासून ते लॅपटॉपवर टर्मिनल उघडून बसले, पाहुणे ताटकळून राहिले. मी म्हटलं, त्यांना तर लिनक्सशिवाय काही चालत नाही ना? तर म्हणे, हव, पण तेच म्हणतात ज्याने निवडला त्यालाच बोलवा.
कडी तशीच ठेवली. गेली.

४.२०
ए दाबलं की बी. कोणतं बटण कशाचं, ती मॅपिंगची फाइल. दोन ओळी. अर्धा तास!! त्याला येत नाही. मले येते.

४.२५
इस्त्रीचा शर्ट घातला आहे. हा निव्वळ टेक्निकल प्रश्न आहे. पाच मिनिटं, उभ्याउभ्या. बसायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, जिलबी दिली तरी घ्यायची नाही. एकच, फार तर.
निघालो. दार ओढून घेतो.