श्री रेजेकीचा शेंडा

विगातीताई,

तुमच्या श्री रेजेकीच्या, त्या रंगीत पानांच्या कुंडीतल्या झाडाच्या, देठावर मी सुरी टेकवली, तेवढ्यात तुमची लेक किनांती दारातून म्हणाली, “आईला घालवलंत, आता तिचं झाडही?”

तुम्ही घर सोडल्यावर वर्षभरानं मी इथं लग्न होऊन आले, हे तिला पटत नाही. झाडाची मुळं कुजली होती. सावलीतल्या त्या कुंडीला मीच रोज पाणी घालत होते, हे मी तिला सांगितलं नाही. हिरवा शेंडा कापला, कापल्या जागी राख लावून सुकत ठेवला.

“मेलं तर?”

“तर मला बोल. आता जेव, टेम्पे गार होतंय.”

ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच शेंडा ओल्या वाळूत लावला आणि पाणी किती घालायचं ते विचारलं. मी म्हटलं, “मी जेवढं घालून कुजवलं, त्याच्या निम्मं.”

हे पत्र मी धाडणार नाही.

रुमिनी